झेंडूच्या माळेतली हवेची गन

माझ्या वडिलांना नट दिसण्याआधी ऐकू येतो. पाना लावून ते पहिला दाब देतात, तेव्हा गंजलेल्या आट्यांतून अगदी बारीक करकर निघते. नट सरळ येणार, आटे खाणार की बोल्टची मान तोडणार, हे त्यांना त्या करकरीवरून कळते. लहानपणी नालवाडीच्या त्यांच्या गॅरेजात मी पोत्यावर दप्तर पसरून अभ्यासाला बसत असे. अशा वेळी ते डाव्या हाताचे एक बोट वर करत. बोट वर झाले की मी पाटीवरची पेन्सिलसुद्धा थांबवायची. आज मी वर्ध्यात कविता शिकवते. ओळीच्या मध्यावर येणाऱ्या विरामाविषयी बोलताना मला माझ्या विषयातले एकही मोठे नाव आठवत नाही. ऑइलने काळवंडलेले ते बोट आठवते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका ट्रॉलीच्या चाकाचा नट त्यांना दाद देईना. पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप चढवून त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट एकाएकी सुटला. त्यासोबत त्यांच्या उजव्या खांद्यातलेही काहीतरी सुटले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले, भाकरी मोडा, सही करा, हलकी वस्तू उचला, पण झटका म्हणून हाताला लागू देऊ नका. घरी आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरताना पाहिले. आई त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती, आणि तिथे बघण्यासारखे काहीच नव्हते.

गॅरेजच्या भिंतीवर एक मोठी हवेची गन टांगलेली होती. कंप्रेसरची हवा नळीतून तिच्यात शिरते, आतले पोलादी हातोडे गरगर फिरत नटावर घाव घालतात, आणि माणसाने जोर न लावता नट सुटतो. पण ती ट्रकच्या चाकांसाठीची. नुसती पेलायलाच दोन धडधाकट हात लागत. वडिलांना हवी होती ती छोटी, आखूड नाकाची, मुठीत मावणारी, बॉनेटखालच्या अडचणीत शिरणारी. नव्या गन त्यांनी पाहिल्या होत्या. दुकानदार डबा उघडून दाखवत. चालवून दाखवत नसत. वडील डबा तसाच बंद करून परत देत. "नवी गन गोड बोलते," ते म्हणत. "वापरलेली खरं सांगते."

दरम्यान बॅटऱ्यांचा एक व्यापारी गॅरेजची जागा मागू लागला होता. सज्जन माणूस, घाई करत नव्हता, पण थांबूनही किती थांबणार? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला होय की नाही ते सांगायचे ठरले. त्या आठवड्यात वडील आईला एवढेच म्हणाले, "हाताले झेपलं त ठेवू. नाई झेपलं त शटर त्याचं." 

आणि मग वडिलांच्या फोनवर, मेकॅनिक मंडळींच्या समूहात, एक फोटो आला. गिरडला टेकडीच्या पायथ्याशी असलेले पंक्चरचे एक दुकान बंद होत होते, आणि एक छोटी गन विकायची होती. फोटोत गनेचा निळा रंग मुठीपाशी पार झिजून आतला धातू उघडा पडला होता. वडिलांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या झिजेकडेच बराच वेळ पाहत राहिले. मग फोन लावून म्हणाले, "दसऱ्याले येतो."

दसरा म्हणजे वस्तू घेण्याचा दिवस, आणि गॅरेजात हत्यारांच्या पूजेचाही. दरवर्षी सकाळी होणारी पूजा त्यांनी या वर्षी संध्याकाळवर ढकलली. आईने लाल कापड अंथरून पाने उतरत्या क्रमाने मांडले, सॉकेटच्या गोट्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या पोलादी टोप्या, ओळीने लावल्या, आणि वडिलांच्या सांगण्यावरून मधोमध वीतभर जागा रिकामी सोडली. "तिथं बसवू तिले," ते म्हणाले. मी गाडी काढली. ते शेजारी बसले, उजवा हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि त्यांना फक्त सांभाळायला दिला होता.

जाम गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना शेते मोकळी दिसू लागली. सोयाबीन निघाले होते; कुटाराचा, मळणीनंतरच्या भुशाचा, कोरडा, किंचित आंबूस वास काचेच्या फटीतून आत येत होता. कपाशीच्या पऱ्हाटीवर पहिली बोंडे उमलायच्या बेतात होती. हिरव्यात कुठेकुठे पांढरे, इतके थोडे की मोजायचा मोह व्हावा. वडील शेतांकडे पाहत नव्हते. गाडीच्या डाव्या मागच्या चाकाकडे कान लावून बसले होते. "हवा कमी हाये," ते म्हणाले. ती कमीच होती.

दुकान रस्त्यालगत होते. टिनाचे छप्पर, बाहेर टायरांची उतरंड, पलीकडे टेकडी, आणि टेकडीवर उन्हात चमकणारा दर्गा. खाटेवर एक धिप्पाड गृहस्थ कमरेला पट्टा बांधून बसले होते. साठीतल्या एक किरकोळ अंगाच्या बाई दाराला तोरण बांधत होत्या.

"अजी, वर्ध्याचे पाव्हणे आले," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

वडील खाटेपाशी गेले. "भाऊ, थे तुमची छोटी गन पाहाले आलो."

"माही नोहे थे," गृहस्थ म्हणाले. त्यांनी आपला पंजा पुढे केला. तो खरोखरच फावड्याएवढा होता. "याच्यात थे गन म्हणजे हत्तीच्या सोंडेत शेंगदाणा. थे हिची होय."

वडील गोंधळले. बाईंनी तोरणाची गाठ मारली आणि मागे न बघताच म्हणाल्या, "यायचं बोटच त्या घोड्यात जात नाई. ट्रकवाले आले का हे उठत, कारवाले आले का मी. आता यायची कंबर गेली, अन् माह्यानं एकटीनं दुकान होत नाई. म्हणून नारळ अन् चादरीचं दुकान लावतो वर पायरीपाशी."

"नारळाले गन लागत नाई," गृहस्थ म्हणाले.

"तुमाले नारळ फोडाले बी मीच लागते."

वडील हसले. मग बाईंच्या मागोमाग आम्ही आत गेलो, आणि मी जागच्या जागी थांबले.

अंधाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात पाटावर हत्यारे मांडली होती. जॅक, टायर काढायच्या सळ्या, दोन पाने, आणि मधोमध ती निळी गन. तिच्या आखूड नाकावर हळदीचे बोट, त्यावर कुंकू, अंगावर झेंडूची बारीक माळ. बाजूच्या कंप्रेसरलाही मोठा हार घातला होता. टिनाला पडलेल्या भोकांतून उन्हाचे गोल तुकडे खाली उतरले होते. त्यांतला एक नेमका गनेच्या मुठीवर, जिथे रंग झिजला होता तिथे पडला होता. एका माणसाची चार बोटे तिथे स्वच्छ उमटली होती. दगड पाण्याने झिजतो हे मी वाचले होते. धातू धरण्याने झिजतो हे तेव्हा पाहिले.

"नळी लावता का?" वडिलांनी विचारले.

"आज नाई, भाऊ."

"काऊन?"

"पूजेत बसवली न. आज चालत नाई. अन् आजच्या दिवशी घरातलं हत्यार बाहेर बी जात नाई. उद्या उत्तरपूजा झाली का मंग चालवा, न्या, काय कराचं थे करा."

वडील पाहतच राहिले. "मंग फोनवर काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी म्हटलं दसऱ्याले येतो. मले वाटलं दर्ग्यावर येऊन राह्यले, जाता जाता पाहून जातीन."

"दसऱ्याले घेणारे समदेच असते," बाहेरून खाटेवरचा आवाज आला. "देणाऱ्याच्या घरी बी दसराच असते, हे कोणाच्या ध्यानात राहत नाई."

चूक आमचीच होती. तीही मोठी विलक्षण, कारण वडील स्वतः आयुष्यभर दसऱ्याला एकही पाना उचलत नसत. दसऱ्याच्या दिवशी कोणी त्यांच्याकडे जॅक मागायला आला असता तर त्यांनीही हेच उत्तर दिले असते. घेण्याच्या उत्साहात त्यांना आपलाच नियम दुसऱ्याच्या दारात ओळखू आला नाही.

ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी मले एका जणाले जवाब द्याचा हाये, बाई." आणि अनोळखी दुकानात उभे राहून त्यांनी ते सांगितले, जे घरात कधी सलग सांगितले नव्हते. खांदा, डॉक्टर, बॅटऱ्यांचा व्यापारी, शटर. बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हती, उजव्या खांद्यावर होती.

"हात लावा," शेवटी त्या म्हणाल्या. "चालवाले मनाई हाये, पाहाले नाई. हळदी-कुंकू तेवढं पुसू नका."

वडिलांनी चपला बाजूला काढल्या. पाटापाशी मांडी घातली आणि माळेसकट गन उचलून डाव्या तळहातावर घेतली. तिच्या नाकातून बाहेर आलेला पोलादी चौकोन, ज्यावर सॉकेट चढते, तो त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरला आणि अतिशय सावकाश फिरवला. मग डावे बोट वर केले.

मी श्वास थांबवला. बाई थांबल्या. बाहेर खाटेची करकरही थांबली.

आतून टक् असा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा टक्. जणू फार खोल विहिरीत कोणी खडा टाकत होते, एक खाली पोचल्यावरच दुसरा. प्रत्येक फेऱ्याला एकदा, आणि दोन आवाजांमधले अंतर तंतोतंत सारखे. वडिलांनी डोळे मिटले होते. त्यांनी गन माझ्याकडे दिली. "फिरव. कानानं नको, बोटानं ऐक."

मी चौकोन फिरवला. आत काहीतरी जड, गुळगुळीत आणि शांत सरकत आले, क्षणभर अडले, आणि सुटले. इतक्या लहान वस्तूत एवढे जड काही झोपलेले असेल, याची मला कल्पना नव्हती. छंद शिकवताना मी बोटांनी टेबलावर मात्रा वाजवते. त्या क्षणी माझ्या बोटांखाली एक मात्रा होती, आणि ती मी वाजवत नव्हते.

वडिलांनी गन परत घेऊन तिरकी केली. हवा बाहेर पडायच्या भोकातून तेलाचा एक थेंब त्यांच्या नखावर उतरला. त्यांनी तो उन्हाच्या एका तुकड्यात धरला. थेंब मधासारखा पिवळा आणि आरपार होता.

"पाणी गेलं असतं त तांबडा आला असता," ते म्हणाले. "कोण घालते तेल?"

"मीच," बाई म्हणाल्या. "काम कराच्या आधी दोन थेंब, झाल्यावर दोन थेंब. काम नसलं तरी शनिवारी. तिची बी आंघोळच न."

वडिलांनी गन पाटावर होती तशी ठेवली. माळ सरळ केली. "गन चांगली हाये," ते म्हणाले, आणि उजव्या हाताची मूठ एकदा मिटून उघडली. "हात कसा हाये, थे कसं समजाव?"

बाई चहा ठेवायला वळल्या, आणि तेवढ्यात रस्त्यावर एक जीप घरंगळत येऊन थांबली. पुढच्या चाकातली हवा पार गेली होती. दर्ग्याहून परतणारे कुटुंब होते. मागे दोन म्हाताऱ्या बायका, मांडीवर शिरणीची, दर्ग्याच्या प्रसादाची पुडकी. चालक उतरला, कपाळ पुसत म्हणाला, "काकू, स्टेपनी हाये, पण नट हलत नाई. पान्यावर उभा राहून नाचलो मी."

"नाचले त नटबी पाहत राह्यला असन," खाटेवरचे गृहस्थ म्हणाले. उठायला गेले, आणि कमरेला हात लावून पुन्हा बसले.

बाई पूजेकडे पाहत उभ्या राहिल्या. मग पाटापाशी वाकल्या, हात जोडले, गनेवरचे कुंकू बोटाने टिपून स्वतःच्या कपाळाला लावले. "अडलेली गाडी हाये," त्या म्हणाल्या, आम्हाला नव्हे, पाटाला. "अडलेल्याले दसरा नसते."

त्यांनी गन उचलली, माळ काढून जॅकवर ठेवली, बाटलीतून दोन थेंब तेल आत सोडले, नळी जोडली, सॉकेट चढवले. आणि ती वडिलांपुढे धरली.

"मी?" वडील म्हणाले.

"आज थे माह्या घराबाहेर जात नाई. माह्या अंगणात तुमच्या हातात गेली, त मोडलं काय त्याच्यात? घ्या."

कंप्रेसरचा हार काढायचे कोणालाच सुचले नाही. बटण दाबताच तो थरथरू लागला, आणि झेंडूच्या पाकळ्या एकेक करून जमिनीवर गळू लागल्या. वडील चाकापाशी उकिडवे बसले. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या.

"तिले ढकलू नका," त्या म्हणाल्या. "आवळून धरू नका. नटावर बसवा अन् तिच्या भरवशावर सोडा. मार नटाले बसते, भाऊ. हाताले नुसती खबर येते."

वडिलांनी घोडा दाबला. गन आधी एकदा उंच स्वरात गुणगुणली. मग नट अडला आणि आत झोपलेले ते जड काही जागे झाले. मघाचे टक्-टक् आता इतके जवळजवळ येऊ लागले की त्यांची एकच सलग, करडी ओळ झाली. हवेला तेलाचा कोमट वास आला. माझी नजर नटावर नव्हती. मी शर्टाखालच्या त्या खांद्याकडे पाहत होते, आणि तो हलत नव्हता. सगळा गडगडाट मुठीच्या पुढे होता. मनगटाच्या अलीकडे शांतता होती. नट फिरला, सैल झाला, सॉकेटमध्ये खुळखुळला.

वडील थांबले. स्वतःच्या खांद्याकडे कान देऊन, जसे ते नटाकडे देत, थोडा वेळ बसले. मग दुसरा. तिसरा. चौथा.

पाचव्या नटाचे कोपरे चालकाच्या नाचण्याने गोल झाले होते. गन गडगडली, पण नट जागचा हलला नाही. सॉकेट घसरू लागले. वडिलांनी घोडा सोडला, आणि डावे बोट वर केले.

जीपमधल्या बायका बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. बाईंनी कंप्रेसर बंद केला. टेकडीवरून वारा उतरत होता, तेवढाच आवाज. वडिलांनी गनेचा खटका उलटा केला आणि जो नट सोडायचा होता तो गंज तुटावा म्हणून एक ठोका देऊन आणखी आवळला. अगदी बारीक करकर झाली. मला ती ऐकू आली. चाळीस वर्षांपूर्वी पोत्यावर बसून ऐकलेली तीच. त्यांनी खटका परत फिरवला, घोडा दाबला. नट सुटला.

मग बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं चालवली मी. थांबवून ऐकता बी येते, हे ठाऊक नव्हतं." त्यांच्या आवाजात जे होते ते माझ्याही मनात होते. एका मुठीत मावणाऱ्या यंत्राने दोन माणसांना आपापले रहस्य एकमेकांना सांगायला लावले होते. एकीने भरवसा कसा ठेवावा ते सांगितले, दुसऱ्याने कुठे थांबावे ते.

"दुखलं का?" बाईंनी विचारले.

वडील उठले. उजव्या हातात गन होती, एकट्या उजव्या. "नाई," ते म्हणाले. "खबर आली फक्त."

चाक बदलून जीप गेली. चालकाने उरलेली शिरणी बळेच माझ्या ओंजळीत घातली. गन पुसून पुन्हा पाटावर बसली, नवे कुंकू, तीच माळ. बाईंनी आम्हाला आपट्याची पाने दिली. "सोनं घ्या. गन उद्या. लवकर नका येऊ, उत्तरपूजा होऊ द्या."

"मी कंबर धरून वाट पाह्यतो," गृहस्थ म्हणाले.

परतताना वडिलांनी आमच्या गाडीच्या त्या मागच्या चाकाचे नाव काढले नाही. मीच एका ठिकाणी थांबून हवा भरून घेतली. समुद्रपूरच्या पुढे ऊन तिरपे झाले, पऱ्हाटीची पांढरी बोंडे केशरी दिसू लागली. वडिलांनी फोन काढला आणि उजव्या हाताने कानाला लावला.

"उद्या येऊ नका," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "नाई, नाई, दुसरं गिऱ्हाईक नाई भेटलं. शटर माहंच राहू द्या. हो, पक्कं. उद्या? उद्या मी गिरडले जाऊन राह्यलो."

घरी लाल कापड तसेच होते. आईने आमचे रिकामे हात पाहिले आणि मग वडिलांचा चेहरा. पूजा झाली. मधली वीतभर जागा मोकळी होती. वडील म्हणाले, तिथेही कुंकू लाव.

"कापडाले?" आई म्हणाली. "डाग निघत नाई त्याचा."

"राहू दे. उद्या त्याच्यावर गनच बसते."

तिने वाकून कापडावर एक बोट टेकवले. वडिलांनी खिशातून गिरडचे आपट्याचे पान काढून त्या ठिपक्याशेजारी ठेवले. त्यांच्या बोटांना अजून तेलाचा तो कोमट वास येत होता, आणि त्या रात्री ते हात न धुताच जेवायला बसू लागले, तेव्हा आईने त्यांना उठवून मोरीकडे पाठवले.